बारावीचं वर्ष, मंडळीची कामं आणि ॲडमिशन: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

आमच्याकडे नगरला मी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तरुण संघाचं काम बघते. कागदोपत्री शहर आता अहिल्यानगर झालंय, पण बोलताना नगरच येतं. दरवर्षी जूनमध्ये रविवारची उपासना सुटली की दोन-तीन जणी मला चर्चच्या पायरीवर गाठतात आणि प्रश्न ठरलेले असतात. "ताई, उत्पन्नाचा दाखला निघालाच नाही हो, उद्या शेवटची तारीख आहे." "बीबीएला सीईटी असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." "पाळकसाहेब बाहेरगावी गेलेत, बाप्तिस्म्याचा दाखला आता कोण देणार?" पोरं हुशार असतात, मार्क चांगले असतात, आईबाप राबणारे असतात आणि तरी हातातली जागा जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण बहुतेक वेळा एकच असतं, कामं उलट्या क्रमानं होतात. आधी सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरतात, मग कागद शोधतात, आणि मुलाला नक्की काय करायचंय हे सगळ्यात शेवटी विचारतात. कधी कधी विचारायचं राहूनच जातं. क्रम असा पाहिजे: कॅलेंडर, मग मंडळीत सांगणं, मग मुलाशी बोलणं, मग कागद आणि त्यानंतर फॉर्म.

सुरुवात बारावीच्या वर्षी दिवाळी झाली की लगेच नोव्हेंबरात करा. डिसेंबर उजाडला की नाताळ, कॅरलच्या फेऱ्या, फराळ, पाहुणे, यातून कुणाला श्वास घ्यायला सवड नसते आणि नेमके सीईटीचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीतच सुरू होतात.

## १. आख्खा आठवडा कागदावर उतरवा

मोबाइलमध्ये नको. मोठा कागद घ्या, सात रकाने करा आणि स्वयंपाकघरात चिकटवा. घरातला प्रत्येक जण आठवड्यात कुठं कुठं जातो ते लिहा. आमच्या घरचा असा होता: रविवारी सकाळी संडे स्कूल आणि उपासना, दुपारी तरुण संघ. मंगळवारी माझी महिला सभा. बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यास. शुक्रवारी उपास-प्रार्थना. शनिवारी क्वायरची प्रॅक्टिस. शिवाय ह्यांची शिफ्ट ड्युटी, मुलाचे क्लासेस, धाकटीची शाळा आणि महिन्यातून एखादी घर-प्रार्थना आमच्याकडे असली की त्या दिवशी चहा-पोहे पंचवीस माणसांचे.

आता फक्त बारावीच्या मुलाचे मंडळीतले तास मोजा. आमच्या मोठ्याचे रविवारी ४, शनिवारी २, शुक्रवारी २ आणि बुधवारी दीड, म्हणजे साडेनऊ तास, येण्याजाण्याचा वेळ वेगळाच. मी स्वतः हे मोजेपर्यंत मला वाटायचं की तो आठवड्यातून तीनेक तास चर्चला जातो. हे तास वाया जातात असं मला अजिबात म्हणायचं नाही, माझं लेकरू त्याच तासांत माणसांसमोर उभं राहायला शिकलं. पण आकडा डोळ्यासमोर असला की ठरवता येतं.

मग त्याच कागदावर खाली वर्षातले चार अवघड पट्टे लाल पेनानं लिहा:

- नाताळचा पंधरवडा. सीईटीचे फॉर्म, कॉलेजची पूर्वपरीक्षा.
- फेब्रुवारी-मार्च. बोर्डाची परीक्षा, आणि त्यातच ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू.
- ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा. झावळ्यांच्या रविवारपासून रोज संध्याकाळी भक्ती, गुरुवारी प्रभुभोजन, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) १२ ते ३ क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना, शनिवारी साफसफाई आणि प्रॅक्टिस, रविवारी पहाटेची उपासना.
- एप्रिल-मे. सीईटी, नीट, व्हीबीएस (लहान मुलांची सुट्टीतली बायबल शाळा), तरुण शिबिर आणि घरातली लग्नं.

ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते आणि चूक इथंच होते. २०२५ ला ईस्टर २० एप्रिलला होता, ऐन सीईटीच्या दिवसांत. २०२६ ला ५ एप्रिल, २०२७ ला २८ मार्च, २०२८ ला १६ एप्रिल. मार्चमध्ये आला तर बोर्डाच्या पेपरांजवळ येतो, एप्रिलमध्ये आला तर सीईटीजवळ. तुमच्या मुलाच्या वर्षी कुठं पडतोय ते आजच बघून ठेवा.

तपासणी: कागदावर परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत रोज सलग तीन तास रिकामे दिसतायत का? दिसत नसतील तर पुढची पायरी टाळू नका.

## २. मंडळीत आधी सांगा, आणि मुलानंच सांगावं

आईबाप दोनपैकी एक करतात. काहीजण वर्षभर चर्च बंदच करून टाकतात, मुलगा रविवारीसुद्धा घरात कोंडलेला. काहीजण भिडेपोटी काहीच सोडू देत नाहीत, पाळकसाहेबांना काय वाटेल, लोक काय म्हणतील. पहिल्यात पोराचे मित्र तुटतात आणि दुसऱ्यात झोप तुटते.

मध्ये एक साधा मार्ग आहे. कुठलं एक काम चालू ठेवायचं आणि कुठली बाकीची काही महिन्यांसाठी सोडायची ते मुलाला ठरवू द्या. क्वायर ठेवून संडे स्कूलचा वर्ग दुसऱ्याला दे, किंवा उलट. मग त्यानं स्वतः जाऊन पाळकसाहेबांना, क्वायरच्या दादाला सांगायचं. तुम्ही फोन करू नका. आमच्या मोठ्यानं डिसेंबरमध्ये सांगितलं, "पास्टर, मी मार्च संपेपर्यंत फक्त रविवारी येईन, गुड फ्रायडेला गाईन पण व्हीबीएसला यावर्षी शिकवणार नाही." पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिथंच प्रार्थना केली. वर्षभर मी ज्या गोष्टीची काळजी करत होते ती दोन मिनिटांत मिटली.

व्हीबीएसचं नाव मी मुद्दाम घेतलं. दहा दिवस सकाळी मुलांना शिकवायचं, दुपारी दुसऱ्या दिवसाची तयारी, आणि हे एप्रिल-मे मध्येच. शिकवायला बारावीचीच पोरं लागतात कारण ती मोठी असतात. ज्या मुलाची सीईटी किंवा नीट आहे त्याला त्या वर्षी व्हीबीएस नको, हे मी तरुण संघाचं काम करूनच सांगतेय. अकरावीची मुलं तयार करा.

इशारा: "निकाल लागेपर्यंत काहीच नको" असं मोघम सांगू नका. तारीख सांगा. तारीख सांगितली नाही की परत येणं राहून जातं.

## ३. बोलणं: फॉर्मच्या आधी, आणि जेवणाच्या ताटावर नको

हे काम लोक पाच मिनिटांत उरकतात, मला विचाराल तर यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा.

कौटुंबिक प्रार्थनेनंतर बोलूया असं बरेचजण ठरवतात. नका करू. प्रार्थना झाल्या झाल्या आईवडिलांनी "मग देवानं तुला काय दाखवलं?" विचारलं की सतरा वर्षांचं पोर खरं बोलूच शकत नाही, त्याला वाटतं आता नाही म्हटलं तर देवालाच नाही म्हटलं. वेगळा दिवस घ्या. एकानंच बोला, दोघं समोर बसलात की ती चौकशी होते. गाडीवरून जाताना, बाजारात, भाजी निवडताना पोरं जास्त मोकळी होतात. आमचा पहिल्यांदा मोकळा झाला तो गवार निवडताना. दोघंही शेंगांकडे बघत होतो, एकमेकांकडे नाही. शेंगेचं टोक मोडता मोडता म्हणाला, "मम्मी, मला इंजिनिअरिंग नको, पण पप्पांनी आत्याला सांगून टाकलंय." मी हातातली शेंग मोडून पाटीत टाकली आणि काहीच बोलले नाही, आणि तेच बरं झालं, कारण मग तो पुढं बोलला.

तीनच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या:

- रोज सकाळी उठून कुठलं काम करायला तुला जीवावर येणार नाही?
- कुठल्या विषयाचा अभ्यास तू कुणी न सांगता करतोस?
- घरापासून लांब राहायला तयार आहेस का, किती लांब?

तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यात मुलगी रडून परत येते.

आता आपल्या घरांमध्ये नेहमी येणाऱ्या तीन वाटांबद्दल थोडं.

नर्सिंग. आपल्याकडे आजी नर्स, मावशी नर्स, म्हणून मुलीचं नाव आपोआप नर्सिंगला लागतं. मुलीला रक्त बघवत नसेल तर हट्ट सोडा. आवड असेल तर लक्षात ठेवा, बीएससी नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी आहे आणि बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश लागतं.

वेल्लोर. तमिळनाडूतल्या सीएमसी वेल्लोरला, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला, मंडळ्यांच्या स्पॉन्सरशिपवर काही जागा असतात. एमबीबीएसला नीट द्यावीच लागते, स्पॉन्सरशिप हा नीटचा पर्याय नाही. चर्चच्या वरच्या कार्यालयाचं पत्र लागतं आणि शिक्षण झाल्यावर ठरलेला काळ मिशनच्या दवाखान्यात सेवा करावी लागते. निकालानंतर पत्र मागायला गेलात तर उशीर झालेला असतो, नोव्हेंबरातच विचारा.

बायबल कॉलेज. पोरगं म्हणालं मला प्रभूची सेवा करायचीय, तर दोन्ही टोकं टाळा. लगेच सगळ्या मंडळीत जाहीर करू नका आणि "आधी पोटापाण्याचं बघ" म्हणून झिडकारूही नका. पाळकसाहेबांशी त्याची एकट्याची भेट घालून द्या. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, एक दिवस जाऊन बघून या. बारावीनंतर बीटीएच (धर्मशास्त्राची पदवी) करता येतं, दुसरी पदवी घेऊन मग बीडी या धर्मशास्त्राच्या कोर्सला जाण्याचाही रस्ता आहे. माझं मत विचाराल तर आधी पदवी. एकवीस वर्षांच्या मुलाचं "हो" जास्त टिकतं असं मी बघितलंय.

तपासणी: बोलणं संपलं की कागदावर तीन नावं हवीत: पहिली पसंती, दुसरी पसंती आणि दोन्ही नाही झालं तर काय. तिसरं नाव नसेल तर बोलणं अर्धवट राहिलंय.

## ४. कागद: नावाचा घोळ आधी मिटवा

आपल्या लोकांची नावं ही मोठी अडचण असते आणि ॲडमिशनच्या माहितीत तुम्हाला हे कुणी सांगणार नाही. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला पाळकसाहेबांनी मराठी बायबलप्रमाणे शमुवेल लिहिलेलं असतं, इंग्लिश शाळेत सॅम्युअल होतं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. याकोबचा जेकब, योहानचा जॉन, पौलसचा पॉल. आमच्याकडे ह्यांचं नाव मुलाच्या दाखल्यावर याकोब आणि त्यांच्या आधारवर जेकब होतं, मुलाच्या आधारवर मधलं नाव परत याकोब. बाप एकच, पण कॉम्प्युटरला दोन माणसं दिसली आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म परत आला. तेवढ्या एका शब्दासाठी मी तीन आठवडे हेलपाटे घातले.

म्हणून पहिलं काम हे. दहावीची मार्कशीट टेबलावर ठेवा. तीच पट्टी माना, कारण बारावी आणि पुढची सगळी कागदपत्रं तिच्यावरून जातात. बाकीचा प्रत्येक कागद तिच्या शेजारी ठेवून मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर अन् अक्षर ताडून बघा. फरक आधारमध्ये असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, ते सोपं आहे. फरक दहावीच्या मार्कशीटमध्येच असेल तर कॉलेजात शिकत असतानाच शाळेमार्फत अर्ज करा, एकदा पोरगं बाहेर पडलं की राजपत्रात नाव बदलून छापून घ्यावं लागतं आणि त्यात वेळ जातो.

मग पुढचे कागद, या क्रमानं:

1. शाळा सोडल्याचा दाखला. धर्माच्या रकान्यात काय आहे ते वाचा. ख्रिश्चन, ख्रिस्ती काहीही असलं तरी चालतं, पण रिकामं असेल किंवा दुसराच धर्म असेल तर आत्ताच कॉलेजच्या ऑफिसात विचारा.
2. अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला. हा एकदाच काढायचा असतो, नोव्हेंबरात काढून टाका.
3. उत्पन्नाचा दाखला. हा १ एप्रिलनंतर काढा, कारण आर्थिक वर्ष बदललं की जुना नाकारतात. दाखला हातात द्यायची मुदत १५ दिवसांची असते पण मे-जूनमध्ये सेतूसमोर रांगा लागतात. एप्रिलचा पहिला आठवडा पकडा, ईस्टर त्यात आला तरी.
4. जातीचा दाखला, ज्यांच्या घरात तो लागू आहे त्यांनी. ओबीसी असेल तर नॉन-क्रिमीलेयर आणि जात पडताळणी दोन्ही लागतात आणि पडताळणीला महिने लागतात.
5. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला, जे कुठल्याच आरक्षणात नाहीत आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांनी. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून आपल्याला मिळत नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे.
6. बाप्तिस्म्याचा दाखला किंवा मंडळीचं पत्र. ख्रिस्ती संस्थांची काही कॉलेजं हे मागतात.

या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी कुणी पाचशेचा स्टॅम्प मागितला तर देऊ नका, सरकारनं २०२५ मध्ये तो माफ केलाय.

शेवटच्या कागदाबद्दल दोन गोष्टी. पाळकसाहेबांकडे पवित्र आठवड्यात किंवा नाताळात दाखला मागायला जाऊ नका, रजिस्टर शोधायला वेळ लागतो, बाप्तिस्मा गावाकडच्या मंडळीत झाला असेल तर तिथून मागवावा लागतो. आणि ज्या मंडळ्यांमध्ये लहानपणी बाप्तिस्मा देत नाहीत तिथल्या मुलांकडे सतराव्या वर्षी हा दाखला नसतोच. त्यांनी पास्टरकडून लेटरहेडवर सभासदाचं पत्र घ्यावं आणि ते चालतं का हे कॉलेजला आधीच विचारावं. निव्वळ ॲडमिशनसाठी पोराचा घाईघाईनं बाप्तिस्मा उरकायला निघालेले आईबाप मी बघितलेत. कृपा करून असं करू नका. ती त्याची आणि प्रभूची गोष्ट आहे, फाइलमधला कागद नाही.

इशारा: एका फॉर्मवर ख्रिस्ती आणि दुसऱ्यावर हिंदू असं कधीही लिहू नका. अनुसूचित जातीचा दाखला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. आजोबांच्या जुन्या दाखल्यावरून एससीचा फायदा आणि चर्चच्या पत्रावरून मायनॉरिटीचा, असं दोन्हीकडून घ्यायला गेलं तर पडताळणीत पकडलं जातं आणि शिक्षण मधेच थांबतं. आदिवासी ख्रिस्ती घरांचं वेगळं आहे, अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

तपासणी: प्रत्येक कागदाचे दहा झेरॉक्स, एक स्कॅन फोनमध्ये, एक ईमेलला. ओरिजिनल एकाच फाइलमध्ये आणि ती फाइल घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात.

## ५. फॉर्म: आता भरा

सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट आधी. बीबीए, बीसीए, बीएमएसला २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. मोठ्या ताईला थेट ॲडमिशन मिळालं होतं म्हणून धाकट्याला मिळेल असं नाही. लॉला सीईटी, इंजिनिअरिंग-फार्मसीला एमएचटी-सीईटी, मेडिकलला नीट. साधं बीए, बीकॉम, बीएससी बहुतेक कॉलेजांत मार्कांवर मिळतं पण त्याचीही तारीख निकालानंतर लगेच असते. तिसऱ्या पायरीत तीन नावं लिहिलीत ना, त्या तिन्हींना लागणाऱ्या सगळ्या सीईटी भरा, फक्त पहिल्या पसंतीची नको.

फॉर्म मुलानं भरावा, तुम्ही शेजारी बसून वाचावं. कॅफेवाल्याच्या नंबरवर ओटीपी नको, त्याच्या ईमेलवर लॉगिन नको. दरवर्षी एक तरी मूल असं असतं ज्याचा पासवर्ड फक्त कॅफेवाल्याला माहीत असतो आणि राउंडच्या दिवशी त्याचं शटर बंद असतं.

मायनॉरिटीचा रकाना नीट समजून घ्या, इथं लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. ख्रिश्चन मायनॉरिटीच्या जागा फक्त ज्या कॉलेजला तो दर्जा आहे तिथंच असतात. सरकारी कॉलेजात नाहीत, जैन किंवा गुजराती मायनॉरिटीच्या कॉलेजातही आपल्याला नाहीत. मुंबई भागात वांद्र्याचं फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज, माहीमचं झेवियर, कुर्ल्याचं डॉन बॉस्को, बोरिवलीचं सेंट फ्रान्सिस अशी ख्रिस्ती संस्थांची इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. यादीत कॉलेजच्या नावापुढं मायनॉरिटीचा जो शब्द छापलाय तो जसाच्या तसा वाचा, रोमन कॅथलिक आणि बाकीचे ख्रिस्ती यांत फरक केलेला असू शकतो. आणि उलट चूक म्हणजे लाजून किंवा भीतीनं हा रकाना रिकामा सोडणं. हक्काचं आहे ते भरा. नंतर बदलायला देतीलच असं नाही.

कॅप राउंडचा (राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाका जिथं खरोखर जायचंय. पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन मिळाला की जागा आपोआप फ्रीज म्हणजे पक्की होते, मग "बघू पुढच्या राउंडला काय मिळतं" चालत नाही. आमच्या तरुण संघातल्या एका मुलीनं मैत्रिणीचं बघून पहिलं नाव टाकलं, ते लागलं, आणि कॉलेज निघालं तीनशे किलोमीटरवर.

तपासणी: फॉर्म सबमिट करण्याआधी एक रात्र मधे जाऊ द्या. सकाळी घरातल्या दुसऱ्या माणसानं मार्कशीट हातात धरून मोठ्यानं वाचावा.

## ६. पेपर रविवारी आला तर

नीट रविवारीच येते. २०२३ ला ७ मे, २०२४ ला ५ मे, २०२५ ला ४ मे, तिन्ही रविवार. पेपर दुपारी २ ला असतो पण गेट दीडला बंद होतं आणि आत घेणं सकाळपासूनच सुरू असतं. सेंटर दुसऱ्या गावात असेल तर सकाळची उपासना विसरा. आदल्या दिवशी संध्याकाळी घरीच वचन वाचा, प्रार्थना करा, त्यात काही कमी पडत नाही. सगळ्या मंडळीसमोर उभं करून प्रार्थना करायची असेल तर आधीच्या रविवारी करा. पेपरच्या दिवशी ज्या मुलावर साठ माणसांनी हात ठेवलेत त्याच्यावर दडपण किती येतं याचा विचार करा.

आणि गळ्यातला क्रूस घरी काढून ठेवा. धातूचं काही आत नेऊ देत नाहीत, चेन, अंगठी, कानातलंसुद्धा नाही. दृढीकरणाला (मंडळीत पूर्ण सभासद होण्याच्या विधीला) आजीनं दिलेली चेन ऐनवेळी गेटवर काढायला लावली की पोरं आधीच रडवेली होऊन आत जातात.

## ७. पैसे

थोडक्यात सांगते. मुलाचं बँक खातं लहानपणीचं मायनर खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर ते बदलून घ्या आणि आधारशी जोडा, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला आहे. मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ती ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि ॲडमिशन कॅपमधून झालेलं असेल तरच. म्हणूनच वर ईडब्ल्यूएसचा दाखला काढा म्हटलं, नुसतं मायनॉरिटी असून ही माफी मिळत नाही. सगळ्या योजनांचे फायदे एकदम मिळत नाहीत, त्यामुळे कुठली मोठी ते आधी मांडून बघा.

मंडळीच्या मदत निधीतून मागायचं असेल तर पंच कमिटीची (मंडळीचा कारभार बघणाऱ्यांची) बैठक कधी असते ते विचारा आणि फीची पावती किंवा ती नसेल तर फीचं पत्रक जोडून लेखी अर्ज द्या. तोंडी मागितलं की विषय पुढच्या महिन्यावर जातो.

## ८. ॲडमिशनचा दिवस आणि जाण्याआधीचा आठवडा

ओरिजिनल दाखला कॉलेजात जमा झाला की परत मिळायला वेळ लागतो, म्हणून देण्याआधी त्याचे पाच रंगीत झेरॉक्स काढा आणि जमा केल्याची पोच घ्या. फी भरलेली पावती तिथंच वाचा, मुलाचं नाव, कोर्स आणि कॅटेगरी बरोबर छापलीय का ते खिडकी सोडायच्या आधी बघा.

जाण्याच्या आठवड्यात घर पुन्हा भरतं, मामा येतात, कुणी उशी देतं, कुणी लोणचं. त्या गडबडीत एक कागद राहतो. पाळकसाहेबांकडून नव्या शहरातल्या मंडळीच्या नावानं ओळखीचं पत्र घ्या, हा मुलगा आमच्याकडचा, क्वायरमध्ये गातो, याच्याकडे लक्ष द्या, एवढंच. जमलं तर तिथल्या पाळकांचा फोन नंबर मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या आणि पहिल्या रविवारी जायची बस कुठून सुटते ते सोडायला जाल तेव्हाच त्याला दाखवून या. आमच्या मोठ्याला मी हॉस्टेलपासून चर्चपर्यंत एकदा चालवत नेलं, रस्त्यात एक मेस दिसली, एक मेडिकल दिसलं. फाटकावर उपासनेची वेळ लिहिली होती, सकाळी साडेआठ. त्यानं फोटो काढून घेतला.